बारसूच्या सड्यावर

आम्हा कोल्हापूरकरांना प्राचीन म्हटले की ब्रह्मपुरी आठवते. 1945-46 साली पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर उत्खनन झाले आणि थराखाली थर निघाला. तिथेच सापडलेली रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी दाखवली आहे. थर सापडला की शतक सांगता येते, ही खात्री खिशात घालूनच गेल्या हिवाळ्यात अणस्कुरा घाटाने आम्ही उभयता राजापूरकडे उतरलो.

बारसूचा सडा म्हणजे उघडाबोडका काळा जांभा. वाट दाखवणाऱ्या आजोबांनी वाळके गवत बाजूला सारले आणि पायांशी माणूस दिसला! कातळात खोदलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ.

माझ्यातला मास्तर जागा झाला. मोहेंजोदडोच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रेवर असाच वाघांमधला माणूस आहे. इजिप्तच्या एका सुरीच्या हस्तिदंती मुठीवर दोन सिंहांमधला, तो त्याहूनही जुना. मी रंगात येऊन सांगत होतो.

"अहो, पण हा त्यांना आवरतोय, की ते ह्याला खाताहेत?" सौ. म्हणाली.

मी गप्प! चित्रे सारखी दिसली म्हणून काळ थोडाच एक होतो?

इजिप्तमध्ये कुर्ता येथे मात्र नशीब फळले. तिथली काही कातळचित्रे वाऱ्याने आलेल्या वाळूखाली गाडली गेली होती. वाळूच्या कणांनी शेवटचे ऊन कधी पाहिले हे मोजता येते. त्यावरून 2011 साली संशोधकांनी ती किमान 15,000 वर्षांची ठरवली. म्हणजे वाळूहून चित्र जुने, एवढेच. किती जुने, ते वाळू सांगत नाही. आमच्या सड्यावर तेवढेही नाही. दरसालचा पाऊस सारे धुऊन नेतो. मग चित्रातच शोधायचे. कशेळीला अवाढव्य हत्ती आहे, कोकणात आज नसलेला गेंडाही सड्यांवर कोरलेला आहे. नांगर, पीक मात्र कुठे नाही. म्हणून शेतीपूर्वीच्या शिकाऱ्यांचे हे काम असावे, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचे, असा जाणकारांचा कयास. कयासच तो!

2022 साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे मी आजोबांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि गवत पुन्हा नीट केले.

परतताना रस्त्यालगत चिरेखाण लागली. चौकोनी खड्डे, ट्रकवर चढणारे चिरे. आमच्या घराच्या कुंपणाची भिंत ह्याच दगडाची आहे.