दोघांची दिंडी



गुडघे गेले आणि वारी सुटली, असे सांगताना डोळे पुसणारे वारकरी तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्हीही त्यांतलेच असाल. हे लिहिणे त्यांच्यासाठी आहे. माझी चाळीस वर्षे कीर्तनात गेली. आता डॉक्टरांनी फार वेळ उभे राहायला आणि लांब चालायला मनाई केली आहे. तरी गेल्या कार्तिकीला डहाणूच्या आमच्या आगरातून पंढरपूरला गेलो. मोटारसायकलीवर मागे बसून गेलो आणि वाटेत तंबूत राहिलो.

गाडी माझ्या शाळासोबत्याची. तो इराणी, चिकूच्या वाडीचा मालक. त्याचे आजोबा इराणातल्या यज्द भागातून इकडे आले. गाडीही येझदी, तिचे नाव त्याच शहरावरून पडलेले. म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद झाला, पण शेठने गाडी जपली. त्याला कमी ऐकू येते. तो म्हणाला, "बुवा, मागच्या गाडीचा हॉर्न तू ऐक, चालवतो मी. तुझी वारी चुकायला नको."

गावात चर्चा झालीच. वाहनावर बसून कसली वारी? आणि तीही इराण्याबरोबर? प्रश्न रास्त आहे, म्हणून आपण त्याचा विचार करू. वारी म्हणजे येरझार. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचे व्रत, रोजचा हरिपाठ आणि ठरल्या तिथीला पंढरीची फेरी, हा आपला नेम. ज्याला पाय आहेत त्याने चालावेच. त्या सुखाला तोड नाही. पण देवाने पाय काढून घेतले, म्हणून त्याने नेमही काढून घेतला असे होत नाही.

आम्ही कासा, जव्हार, मोखाडा करीत तोरंगणचा घाट चढलो. गुडघे आखडत, म्हणून तासातासाला उतरून बसावे लागे. पहिला मुक्काम त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांच्या पायाशी. पुढे सिन्नर, नगर, करमाळा. आषाढीला नाथांची पालखी जाते तीच ही दिशा.

दिंडीत सामानाचा ट्रक पुढे जातो. आपण पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात, चूल पेटलेली असते. इथे दोघांनीच सगळे करायचे. शेठ दोऱ्या ताणी, मी बसल्या बसल्या खुंट्या ठोकी. सिन्नरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या खळ्यात तंबू लावला. त्याने विचारले, "कोणत्या दिंडीचे, माऊली?" मी म्हटले, "दोघांचीच दिंडी आहे." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने पिठले-भाकरी घेऊन आला आणि आम्हा दोघांच्याही पाया पडला. शेठ संकोचला. मग त्यानेही वाकून त्या शेतकऱ्याच्या पायांना हात लावला. वारीतली ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

रात्री मी हरिपाठ म्हटला. त्याने त्याची प्रार्थना केली. थंडीत झोप येईना तेव्हा त्याने एक हकिकत सांगितली. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट ओलांडून ते युरोपात गेले आणि आल्प्स चढले. 1928 साली तिघे प्रदक्षिणा पुरी करून परतले. एकाहत्तर हजार किलोमीटर! मग तो म्हणाला, "आमचा इराणशाह अग्नीसुद्धा आपल्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे मुक्कामाला होता, असं आमची वडीलधारी माणसं सांगत. देवालाही वस्ती कोणीतरी द्यावी लागते, बुवा."

सज्जनहो, वारीचे मर्म मला या वाक्यात दिसते. चालणे दिवसाचे असते. अंधार पडला की कळते, आपले घर मागे राहिले आहे आणि आजची भाकरी, आजची जागा दुसऱ्याच्या हाती आहे. मीपण उतरते ते त्या जागी. हा मुक्काम पायी येणाऱ्याला मिळतो, तसाच मागच्या सीटवर बसून येणाऱ्यालाही मिळतो. हॉटेलात दार लावून झोपणाऱ्याला मात्र तो मिळत नाही.

दशमीला पंढरपुरात पासष्ट एकरात तंबू लावला. एकादशीला चंद्रभागेचे स्नान झाले. दर्शनरांगेत उभे राहण्याची ताकद नव्हती. नामदेव पायरीवर माथा टेकला आणि कळसाचे दर्शन घेतले. परंपरेने तेही दर्शनच मानले आहे. शेठने माझ्याबरोबर उपवास धरला. डहाणूहून आणलेल्या चिकूच्या सुक्या चकत्या त्या दिवशी कामी आल्या, शेजारच्या राहुटीतही वाटल्या.

तेव्हा ज्यांची वारी थांबली असेल त्यांनी शेजाऱ्याला, नातवाला, मित्राला विचारावे, "मला नेशील का?" विचारायला जीभ जड होते, हे खरे. पण मागणे हीदेखील सेवाच आहे. तुमच्या मागण्यामुळे नेणाऱ्यालाही पंढरी घडते. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी कोणी मागण्याची वाट पाहू नये.

राम कृष्ण हरी.