‘बस’

जे परकी शब्द लोकांच्या तोंडीं कायमचे बसले, त्यांच्या कुळाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ‘बस’ हा त्यांपैकींच एक होय. अंधेरीस राहणाऱ्या आम्हांस तर दिवसांतून चार वेळां त्याचें नांव घ्यावें लागतें.

या शब्दाचें मूळ मोठें मौजेचें आहे. फ्रान्समधील नांत शहरीं १८२६ सालीं भाड्याच्या सामायिक गाड्या निघाल्या. त्यांस लोक ‘ओम्निबस’ म्हणूं लागले. हें लॅटिन पद, अर्थ ‘सर्वांसाठीं’. संस्कृतांतील ‘सर्वेभ्यः’प्रमाणें हेंही चतुर्थीचें बहुवचन आहे, आणि त्यांतील ‘बस’ हा प्रत्यय आपल्या ‘भ्यः’चा भाऊबंद आहे. पुढें इंग्रजांनीं शब्द आंखूड केला. ‘सर्व’ गळालें आणि नुसता प्रत्यय उरला! प्रत्ययानें असा स्वतंत्र संसार थाटल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मुंबईंत ही गाडी प्रथम धांवली ती १५ जुलै १९२६ रोजीं, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. परंतु तिच्या नांवाचे दोन शब्द मराठींत आधींच ठाण मांडून होते: एक ‘उपविश्’पासून आलेली बसण्याची आज्ञा, व दुसरा ‘पुरे’ या अर्थाचा फारसी ‘बस’. “बसमध्यें नीट बस, दंगा बस झाला,” असें आई म्हणते, आणि मूल तिळमात्र गोंधळत नाहीं.

आम्ही लहान असतां मातोश्री आम्हांस दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदीं पुढल्या बांकावर नेऊन बसवीत. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं जुन्या डिझेलच्या दुमजली बसचा उतारूंच्या सेवेंतला शेवटचा दिवस होता. अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकांतून सीप्झकडे जाणारा ४१५ क्रमांकाचा तो मार्ग. मातोश्रींस घेऊन आम्ही मुद्दाम गेलों. ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनिशीं त्या पहिली पायरी कशाबशा चढल्या, वरचा जिना पाहून म्हणाल्या, “आतां बस.” तो शब्द केवळ जिन्यापुरता आहे असें आम्हांस वाटलें नाहीं, आणि काय बोलावें तें सुचेना. तोंच खालच्या मजल्यावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “आजी, बसा.”

गाडी सर्वांसाठीं आहे कीं नाहीं, हें तिच्या नांवावरून ठरत नाहीं; पायरीच्या उंचीवरून आणि उतारूंच्या मनावरून ठरतें. पायरी त्या दिवशीं उंचच राहिली. मात्र इंग्रजांनीं गाळलेलें ‘सर्व’ त्या मुलीनें आपली जागा देऊन क्षणभर परत आणलें.

उतरतांना मातोश्रींनीं दाराच्या दांडीवरून एकदां हात फिरविला, आणि घरीं येईपर्यंत कांहीं बोलल्या नाहींत.