खांद्यावरचे तारे

करमाळ्यात कमलादेवीच्या ९६ खांबांच्या देवालयात बागडलेली माझी कन्या, १९९२ पासून स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीकडे जेऊर स्थानकावरून निघाली, तेव्हा तिच्या शौर्याविषयी मी निःशंक होतो. चिंता होती ती तिच्या पायांच्या फोडांची. ४९ आठवड्यांच्या त्या खडतर शिक्षणात आईबापांच्या हाती उरते ते एवढेच, की क्वचित येणाऱ्या दूरध्वनीवर आपला कंठ स्थिर ठेवावा आणि ‘परत ये’ हे शब्द ओठांवर येऊ देऊ नयेत. माझ्या मते पालकांची खरी कवाईत हीच. उद्या दीक्षान्त संचलनानंतर, रिवाजाप्रमाणे, तिच्या खांद्यांवर लेफ्टनंटचे दोन-दोन तारे लावण्याचा मान आम्हा उभयतांस आहे. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील मुलीने कोणाच्याही शिफारशीवाचून ही सनद मिळविली, याचा मला अपार अभिमान वाटतो. पहिली नेमणूक कोठे, हे विचारण्याचे धैर्य मात्र अद्याप होत नाही.