एका तारेवर सप्ताह

आमच्या शिरूर कासारच्या आजूबाजूला गडांचा मुलूख. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड. कुठं ना कुठं सप्ताह बसलेलाच असतो, आणि मंडप पडला की साउंडवाल्याची धावपळ सुरू. महाराज व्यासपीठावर, मिक्सर माणसांच्या पार मागं. मधलं अंतर तारेनं जोडायचं.

पूर्वी त्यासाठी मल्टी टाकायचो, म्हणजे प्रत्येक माईकची वेगळी जोडी असलेली एकच केबल. जाडजूड, उचलायलाच दोघं लागायचे. त्यात स्टेजला वीज जनरेटरची आणि मिक्सरला कुणाच्या तरी घरातली. दोन्हीकडचं अर्थिंग जुळत नाही, मग तारेतून ५० हर्ट्‌झची हमिंग. पखवाजाची कणीक लावलेली बाजू घुमत असते तोवर ती लपते. महाराज चरण संपवून क्षणभर थांबले, की सगळ्या मंडपाला ऐकू जाते.

आता माईक ज्याला जोडतात त्या स्टेजवरच्या डब्यातच आवाजाचे आकडे होतात, सेकंदाला ४८,००० नमुने. एईएस-५० पद्धतीत एका कॅट-५ई केबलीतून ४८ चॅनेल जातात आणि ४८ येतात. वाटेतली हमिंग आकड्यांत शिरत नाही. म्हणूनच ‘या केबलीनं आवाज गोड होतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं मी ऐकून घेतो आणि साधीच, पण मजबूत केबल मागतो. आकडे पोचले तर आवाज जसाच्या तसा; नाही पोचले तर तडतड, नाहीतर शुकशुकाट.

केबल दिसते इंटरनेटसारखी, म्हणून पोरं घरातली उचलून आणतात. तिथंच फसगत होते. एईएस-५० ला चारही जोड्या लागतात: दोन आवाजाला, दोन घड्याळाला. काही स्वस्त केबलींत दोनच जोड्या असतात. त्यांवर इंटरनेट चालतं, डबा मात्र मुका राहतो. मधे इंटरनेटचा स्विच टाकला तरी तेच. शिवाय केबल शिल्डवाली आणि टोकांना धातूच्या खोळीची हवी. आमच्याकडची कोरडी हवा, खाली प्लास्टिकची मॅट. चालणाऱ्याच्या अंगात साठलेली वीज डब्याला हात लागताच सुटते आणि तेवढ्यानंही जोडणी क्षणभर तुटू शकते.

घड्याळाचं म्हणाल तर दोन डिजिटल यंत्रं आपापल्या घड्याळानं मोजू लागली, की एकाचा नमुना कधीतरी जास्त होतो आणि ‘टिक’ ऐकू येतं. एकाला मालक करावं, दुसऱ्यानं त्याचं ऐकावं. हे मेनूमधलं काम. त्यासाठी केबल बदलत बसू नये.

दोन यंत्रांमध्ये डिजिटल आवाज नेणारी एस/पीडीआयएफ जोडणी करायची असेल तर जुन्या टीव्हीची पिवळ्या पिनेची केबल चालते, कारण व्हिडिओची केबलही ७५ ओहमचीच. एईएस-३ या दुसऱ्या डिजिटल जोडणीला मात्र ११० ओहमची लागते. पिना माईकच्या केबलीसारख्याच असल्यामुळे लोक तीच खुपसतात. हातभर अंतरावर निभतं, लांबवर तडतडतं.

डिजिटलचा एक दोष मात्र कुणी सांगत नाही. मल्टीतली एक जोडी गेली तर एकच माईक जायचा. इथं केबलीवरून ट्रॅक्टरचं चाक गेलं, तर टाळ, पखवाज, विणेकरी, महाराज, सगळेच एकदम बंद. म्हणून दुसरी केबल मी पहिल्याच दिवशी वेगळ्या वाटेनं टाकून ठेवतो. महाराजांच्या माईकची एक साधी तार स्टेजजवळच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि तिथून भोंग्याला थेट जोडलेली असते. तिच्यात हमिंग येते. येऊ दे.