मुकी अक्षरे

रविवारचा संपर्क वर्ग होता. मुक्त विद्यालयाच्या वर्गात नेहमी दिसते तेच दृश्य होते. पुढच्या बाकांवर सतरा-अठरा वर्षांची मुले आणि मागच्या बाकांवर घरची, कामाची धावपळ आटोपून आलेली प्रौढ मंडळी. मी मराठी शिकवते. परंतु त्या दिवशी इंग्रजीचे शिक्षक येऊ न शकल्याने तो तासही माझ्याकडे आला होता. खानावळीत पोळ्या करणाऱ्या एक ताई उतारा वाचण्यासाठी उभ्या राहिल्या. वाचता वाचता त्या एका शब्दापाशी अडल्या. डी, ओ, यू, जी, एच. त्यांनी क्षणभर विचार केला आणि धीर करून ‘डफ’ असे वाचले. पुढच्या बाकांवर हशा पिकला. “डफ नाही, डो!” एक मुलगा ओरडला. ताई खाली बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारले,

“बाई, ‘रफ’मध्ये हीच अक्षरं आहेत. मग इथं वेगळं का? आणि जे बोलायचंच नाही ते लिहायचं तरी कशाला?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय त्या हशाने मला फार मागे, माझ्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात नेऊन सोडले होते. मराठी माध्यमातून आलेली मी इंग्रजीची एक कविता वाचत होते. तिच्यात झाडाच्या फांदीला असलेला ‘बाउ’ हा शब्द आला. बी, ओ, यू, जी, एच. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ हे शब्द मला ठाऊक होते. त्यांच्या आधाराने मी ‘बफ’ असे वाचले. सारा वर्ग हसला, अध्यापकही हसले. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसू लागले. पुढे मराठी घेऊन एम. ए. केले. मातृभाषेच्या प्रेमाने केले असे मी आजवर सांगत आले. ते खोटे नाही. पण त्या प्रेमाच्या आड थोडी भीतीही लपलेली होती, हे आज कबूल करायला हवे.

त्या रात्री मी जाडजूड इंग्रजी कोश घेऊन बसले. ओ, यू, जी आणि एच ही चार अक्षरे एकत्र येणारे शब्द शोधू लागले. ‘रफ’मध्ये त्यांचा उच्चार ‘अफ’, खोकल्याच्या ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’, ‘दो’मध्ये ‘ओ’, ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’, ‘बाउ’मध्ये ‘आउ’, तर ‘थॉट’मध्ये ‘ऑ’. एका लेखनाचे इतके उच्चार पाहिल्यावर ताईंची चूक मला चूक वाटेना. त्यांनी नियम लावला होता. नियम मोडला होता तो भाषेने.

पण भाषेने तरी तो का मोडला? कोशातून त्याचा इतिहास हळूहळू उलगडत गेला. या शब्दांतील बहुतेकांच्या शेवटी पूर्वी एक खराखुरा ध्वनी होता. उर्दूतील ‘ख़बर’ या शब्दाच्या आरंभी घशातून जो घर्षणयुक्त ध्वनी येतो, त्याच्याशी मिळताजुळता. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काळातील लेखनिकांनी तो ध्वनी दाखवण्यासाठी ‘जी’ आणि ‘एच’ ही जोडी रूढ केली. १४७६ च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि लेखनाला हळूहळू स्थैर्य येऊ लागले. त्याच सुमारास बोलणे मात्र बदलत होते. घशातला तो ध्वनी काही शब्दांतून साफ नाहीसा झाला, तर काहींत ओठांवर येऊन ‘फ’ बनला. लेखन मागे राहिले, उच्चार पुढे निघून गेला. आयर्लंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. हा शब्द आयरिश भाषेतून आलेला. पण त्याच्या शेवटीही हीच चार अक्षरे लिहितात आणि तो जुना ध्वनी तिथे आजही ऐकू येतो.

मग मला या कुळातले अपरिचित शब्द भेटत गेले. ‘चफ’ हा काळ्या पिसांचा आणि लाल चोचीचा, कावळ्याच्या जातीचा पक्षी. तो हिमालयातही आढळतो. त्याचे नाव त्याच्या ओरडण्यावरून पडले. ‘काक’ हे नावही ध्वनीच्या अनुकरणातून आले, असे यास्काने निरुक्तात म्हटले आहे. म्हणजे नाव ठेवण्याची रीत दोन्हीकडे एकच. ‘क्लफ’ म्हणजे उत्तर इंग्लंडमधील डोंगरातली अरुंद दरी. आपण तिला घळ म्हणू. झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या सळसळीला एक शब्द आहे. त्याला कोणी ‘साउ’ म्हणतात, कोणी ‘सफ’. ज्यांची ती मातृभाषा, त्यांचेही एकमत नाही, हे वाचून मला मनोमन बरे वाटले.

उचकीला इंग्रजीत ‘हिकप’ म्हणतात. संस्कृत ‘हिक्का’प्रमाणे तोही आवाजावरून घडलेला शब्द. सतराव्या शतकात काही सुशिक्षितांना वाटले की, त्याचा खोकल्याशी, म्हणजे ‘कॉफ’शी संबंध असावा. म्हणून ते त्याच्या शेवटी ही चार अक्षरे लिहू लागले. उच्चार मात्र ‘हिकप’च राहिला. विद्वानांनी केलेली चूक कोशात जाऊन बसली आणि तिला कोणी हसले नाही!

सर्वांत अधिक रमले ते दोन शब्दांत. पहिला, माझी फजिती करणारा ‘बाउ’. जुन्या इंग्रजीत तो ‘बोह’ असा होता आणि फांदीखेरीज खांदा, बाहू हेही त्याचे अर्थ होते. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘बाहु’शी जोडतात. दुसरा, ताईंचा ‘डो’, म्हणजे मळलेल्या पिठाचा गोळा. मळणे, घडवणे, आकार देणे या अर्थाच्या ज्या प्राचीन मुळापासून तो आला, त्यापासूनच संस्कृत ‘देह’ आला. १७८६ साली कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एक असावा, असे विधान केले होते. इंग्रजीही त्याच मोठ्या कुटुंबातली. इंग्रजीत मुकी झालेली ती अक्षरे ज्या ध्वनीची खूण आहेत, तो आपल्याकडे ‘ह’ होऊन ‘बाहू’त आणि ‘देहा’त अजून बोलतो आहे. त्यांचा उच्चार गेला. नाते तेवढे लेखनात राहिले.

हे वाचताना मला माझ्या आजोबांची पत्रे आठवली. ते ‘नांव’, ‘गांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत. ‘नाम’ आणि ‘ग्राम’ यांतील गळून पडलेल्या ‘म’ची ती खूण होती. १९६२ सालच्या लेखननियमांनी असे उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. मुलांचे ओझे हलके झाले, ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर माणसाचे नांव आणि पाण्यातली नाव यांतला लेखनातील भेदही पुसला गेला. आपण खूण पुसून सोय साधली; इंग्रजीने खूण जपली आणि तिची किंमत शिकणाऱ्याच्या पदरात टाकली. कोणता मार्ग बरा, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. मात्र जी किंमत भाषेच्या इतिहासाने लावली आहे, ती चुकवताना अडखळणाऱ्याला हसणे, हे शिकवणे नव्हे.

पुढच्या रविवारी मी हे सारे वर्गाला सांगितले. त्यात आणखी एक गोष्ट सांगितली. आज आपण सहज वापरतो तो ‘लेडी’ हा इंग्रजी शब्द मुळात जोडशब्द आहे. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ पाव किंवा भाकर, आणि उत्तरार्धाचा अर्थ मळणारी. हा उत्तरार्ध ‘डो’च्याच मुळातला. ‘लेडी’ म्हणजे भाकरीचे पीठ मळणारी.

“रोज दीड-दोनशे पोळ्यांची कणीक मळते मी,” ताई म्हणाल्या. “म्हणजे मीच खरी लेडी की हो, बाई!”

वर्ग पुन्हा हसला. पण या वेळी ताईही त्या हसण्यात होत्या. मग त्यांनी राहिलेला उतारा वाचायला घेतला. चार ओळींनंतर पुन्हा तीच अक्षरे आडवी आली. टी, आर, ओ, यू, जी, एच. “ट्रो!” पुढच्या बाकावरचा तोच मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला. मी काही बोलले नाही. कोश त्याच्यापुढे सरकवला. त्याने पाने उलटली, शब्द शोधला आणि जरा ओशाळून म्हणाला, “ट्रॉफ. गुरांना पाणी पाजायची डोणी.”

कोणी हसले नाही. ताईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुढची ओळ वाचायला सुरुवात केली.