पाठकोरे

पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या सगळ्या डब्या-ट्रंकांना ऊन दाखवायची रीत आमच्याकडे अजून आहे. त्या दिवशी बिस्किटांचे ते सात पत्र्याचे डबे गॅलरीत मांडून झाकणं उघडली की जो वास येतो, तो तुम्हाला कसा सांगू? थोडा हायपोचा, थोडा डांबराच्या गोळ्यांचा, आणि त्यांच्याही खालून कुठून तरी शिकेकाईचा. शिकेकाईला खरं तर तिथे यायचं काहीच कारण नाही. ती डब्यात नाही, माझ्या नाकातच राहून गेलेली असणार. पण दरवर्षी मी वाकते, दरवर्षी ती येते, आणि मग पुढचे दोन-तीन तास मी कुणाला सापडत नाही.

डब्यांत अण्णांचे फोटो आहेत. १९६६ साली पहिल्या पगारातून थोडे बाजूला काढून, थोडे आत्याकडून उसने घेऊन त्यांनी आग्फाचा क्लिक थ्री घेतला, आणि तेव्हापासून रोज एक फोटो काढायचा असं ठरवलं. रोज एकच. त्या कॅमेऱ्याला कौतुक करावं असं काही नव्हतं. ऊन आणि ढग एवढंच त्याला कळायचं, आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. त्यामुळे आमच्या घरात आजचा दिवस बारा दिवसांनी दिसायचा. सोमवारी शाळेत छडी खाल्ल्याचं दुःख विसरून गेल्यावर त्या सोमवारचं पुणं न्हाणीघरातल्या दोरीवर चिमट्याला लटकलेलं असायचं.

आणि फोटो कशाचे? शनिवारवाड्याचा एकही नाही. “१८२८ च्या आगीत जे जायचं ते गेलं, उरलेलं आता कुठे पळून जात नाही,” असं म्हणायचे. मंडईचे मात्र शेकड्यांनी आहेत. पण त्यांत १८८६ पासून उभा असलेला तो मनोरा शोधाल तर एखाद्या कोपऱ्यात चुकून आलेला सापडेल. अण्णांचं लक्ष खाली, ओल्या गोणपाटावर, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या हातावर, तराजूच्या पारड्यात बसून झोपलेल्या मांजरावर. शनिवारी ते मारुतींना जायचे, आळीपाळीने. जिलब्या, डुल्या, सोन्या, पत्र्या, भिकारदास, कुणालाच वाईट वाटायला नको. तिथूनही फोटो यायचा तो रुईच्या पानांची माळ ओवणाऱ्या बाईच्या अंगठ्याचा, नाही तर बाहेर काढलेल्या चपलांचा. दुपारी एकला दुकानांची शटरं खाली येतात तो क्षण त्यांना फार आवडे. अर्धं शटर, त्याखालून दिसणारे मालकाचे पाय, आणि समोर “आधी सांगायला काय झालं होतं” अशा चेहऱ्याने उभं असलेलं गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक अनेकदा माझी आईच असे.

सकाळी सात पाचला पुणे केंद्रावरच्या बातम्या लागायच्या, त्या संपेपर्यंत चहा, मग शब्दकोडं उभं-आडवं निम्मं सोडवून उरलेलं खिशात, आणि सायकलच्या मधल्या दांडीला कॅमेऱ्याचा पट्टा दोन वेढे देऊन अण्णा बाहेर. संध्याकाळी कचेरीतून येताना फोटो काढून झालेला असला की घंटी दोनदा वाजायची, नसला की एकदा. एकदा वाजली की आई चहाचं आधण खाली उतरवून ठेवी, कारण सायकल आत न येता परत वळून शनिपाराकडे जाणार हे तिला ठाऊक असे. या दोन घंट्या आणि एक घंटी यांतला फरक मी अजून ऐकते हो. जिन्यात कुणाचीही सायकल वाजली तरी मोजते.

रोल धुवायची रात्र म्हणजे सणच. गुरुवार तेवढा वगळायचा, कारण गुरुवारी बहुधा पाणी बंद, आणि फोटोंना तर धुण्याइतकंच पाणी लागतं. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी, बंब कोपऱ्यात सरकवलेला, झिरोच्या दिव्याला लाल जिलेटिनचा कागद, आणि पाटावर ओळीने तीन इनॅमलची ताटं. एन्लार्जर परवडण्यासारखा नव्हताच, म्हणून निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो: खाली कागद, वर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि पांढरा दिवा लावून अण्णा बेचा पाढा म्हणायचे. बे दाहे वीसला दिवा बंद. ढगाळ दिवसाचा फोटो असला तर पाढा पाचापर्यंतच. माझ्याकडे ताट हलकेच डुलवत ठेवायचं काम. पाळणा हलवावा तसं, पण पाण्याचा आवाज येता कामा नये. त्या लाल अंधारात कागदावर आधी सगळ्यात काळं असेल ते उगवायचं, म्हणजे आधी छत्री, मग किती तरी वेळाने छत्रीखालचा माणूस, आणि त्याच्या तोंडावरचं हसू तर अगदी शेवटी, जवळजवळ उशीर झाल्यावर.

धुतलेले फोटो चकाकी यावी म्हणून कपाटाच्या आरशावर उलटे चिकटवून ठेवायचे. ते रात्रभरात वाळत, कडेने सुटत आणि मध्यरात्री कधी तरी टक् असा आवाज करून खाली पडत. आई झोपेतच कूस बदलून म्हणायची, “मंडई पडली वाटतं.”

पण मला सांगायचं आहे ते फोटोंच्या पाठीबद्दल. रविवारी जेवणं झाली की अण्णा मऊ शिसपेन्सिल घेऊन बसायचे. पेनाने लिहिलं तर अक्षरं पुढून उठून दिसतात, आणि लोकांच्या अंगावर आपलं अक्षर उमटवणं बरं नव्हे, म्हणून पेन्सिल, तीही न दाबता. फोटोत काय आहे ते कधीच लिहायचे नाहीत. ते दिसतंच आहे की, म्हणायचे. फोटोत जे येऊ शकलं नाही तेवढंच पाठीवर. कोथिंबिरीच्या मागे: “मंगळवार. वास ओल्या गोणपाटाचा, कोथिंबिरीचा नाही.” रिकाम्या बाकाच्या मागे: “पलीकडे कोणी तरी पेटी शिकतंय. तेच चार सूर, चुकून पाचवा.” अर्ध्या शटरच्या मागे: “सौ. चिडली आहे. बाकरवडी मिळाली नाही.” आणि तुळशीबागेतल्या भातुकलीच्या मागे, अगदी बारीक अक्षरात: “धाकटीने हट्ट केला नाही म्हणून वाईट वाटलं.” धाकटी म्हणजे मी. मला तो दिवस मुळीच आठवत नाही. हट्ट न केलेला दिवस कुणाला आठवणार?

नदीचा फोटो एकही नाही. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा अण्णा सतरा वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून ट्रंक निघाली, ट्रंकेतून आल्बम निघाला, पण पानं पानांना चिकटून सगळी माणसं एकमेकांच्या तोंडावर उमटली होती. आजोबा त्याच्या आधीच गेलेले, आणि त्यांचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. हे मला अण्णांनी कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं. पुढे दर पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की सगळं गाव पाणी बघायला लोटायचं. अण्णाही जायचे, कॅमेरा पट्ट्यासकट काखेत घट्ट धरून उभे राहायचे आणि तसेच परत यायचे. डब्यांत त्या दिवसांच्या जागी फोटोच्या मापाचे कागदाचे चौकोन आहेत. “पाणी पुलावरून. काढला नाही.” असे मी नऊ मोजले.

मे महिन्यात एकदा तरी आम्हा भावंडांना घेऊन ते केळकर संग्रहालयात जायचे. दिनकर केळकरांचा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने त्यांनी ते सगळं जमवलं, हे आम्हाला तिथेच कळलं. आणि आमची मस्तानी महालापाशी पळायची घाई असली तरी अण्णा दिवे, अडकित्ते, वज्री यांच्या कपाटांसमोर रेंगाळत राहायचे. “पोराच्या आठवणीने माणूस अडकित्ते जमवतो,” एवढंच एकदा म्हणाले होते, आणि मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं होतं चेष्टेत म्हणाले.

जेमी लिव्हिंगस्टन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाबद्दल मी पुढे फार उशिरा वाचलं. १९७९ पासून १९९७ पर्यंत त्याने रोज एक पोलरॉइड काढला, थेट मरणाच्या दिवसापर्यंत. वाचल्याबरोबर पहिला विचार आला की अण्णांना सांगायला हवं, आणि फोनकडे हातही गेला होता. ऐकून ते नक्की म्हणाले असते, “त्याला बरं, पोलरॉइड पाण्याशिवाय होतो.”

वाडा पडला, रोल मिळेनासे झाले, कागद तर त्याही आधी. वाडा पडला त्या दिवशीचा फोटो शेजारच्या पिंपळाला अडकलेल्या पतंगाचा आहे, त्यावर जास्त बोलत नाही. मग आम्ही त्यांना मोबाइल दिला. एका दिवसात हजार फोटो निघतात म्हणून भाच्याने समजावून सांगितलं, तर ते फोन उलटासुलटा करत म्हणाले, “ते ठीक आहे रे, पण याला पाठ कुठे आहे?” तरी रोज एकच काढायचे, आणि महिन्याला स्टुडिओत जाऊन कागदावर छापून आणायचे. त्या नव्या गुळगुळीत कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिल उठत नाही आणि बॉलपेन फिसकटतं. अण्णांनी त्यावर पुणेरी तोडगा काढला: पाठकोरे. एका बाजूने छापलेला कागद टाकणं आमच्या घरात पाप होतं. विजेची बिलं, लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांचे चौकोन कापून ठेवलेले असायचे. ते खळीने मागे चिकटवून वर पेन्सिल. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत जाऊन आले, आणि फोटो आणला तो सरकत्या जिन्यापाशी नऊवारी सावरत थबकलेल्या एका आजींचा. मागे: “आजी शेवटी साध्या जिन्याने गेल्या. मीही.”

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी स्टुडिओतून फोन आला की तुमचं पाकीट पडून आहे. त्यात अकरा फोटो होते, आणि अकराही पाठी कोऱ्या. मी ते एकेक करून आईच्या मांडीवर ठेवत गेले. तिने पुढची बाजू फारशी पाहिलीच नाही. सरळ उलटायची, हाताने पुसायची आणि बाजूला ठेवायची. सातव्याला मात्र ती थांबली. आमच्याच गल्लीचा फोटो होता, दुधाच्या पिशव्यांचा क्रेट आणि त्यावर बसलेला कावळा.

“त्या दिवशी समोरच्यांकडे सांडगी मिरची तळत होते,” ती म्हणाली. “ह्यांना इतका ठसका लागला, की मला वाटलं आता फोटो हलतो.” आणि मग, “लिही की.”

मी खणातून पाठकोरा घेतला, पेन्सिलीला टोक केलं, आणि न दाबता लिहायला लागले. आई चष्मा लावून खांद्यावरून वाकून बघत होती.

“ठ नीट काढ,” ती म्हणाली, “ढ वाटतोय.”