अडेनियमचा बुंधा दाबून पाहा

अडेनियमला पाणी द्यायचं की नाही, हे मी नुसत्या मातीवरून ठरवत नाही. आधी फुगीर बुंधा अंगठ्याने हलकेच दाबते. टणक लागला तर झारी बाजूला ठेवते. दबला आणि कुंडी कोरडी खडखडीत असेल, तर झाड तहानलेलं असतं. पण माती ओली असूनही बुंधा दबत असेल, तर आत कूज लागलेली असते. मग झाड उपटायचं, धारदार सुरीने पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत कापायचं, बुरशीनाशक लावायचं आणि जखम पूर्ण वाळेपर्यंत सावलीत ठेवायचं.

मस्कतच्या गच्च्यांवर हे झाड सर्रास दिसतं. त्याचं वागणं समजलं मात्र ओमानच्या दक्षिणेतल्या धोफारला, सलालाच्या डोंगरात. खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, आधी तिथल्या खडकाळ उतारांवर फुगलेल्या बुंध्यांची, जवळजवळ निष्पर्ण झाडं गुलाबी फुलांनी भरून जातात. आसपासचा पाला जनावरं ओरबाडतात. याला तोंड लावत नाहीत. हे कण्हेरीच्या कुळातलं, चीक थेट हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत तो बाणांना लावत. छाटणी करताना हातमोजे घालाच, आणि लहान मुलांना लांब ठेवा.

जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत धोफारला धुकं आणि रिमझिम. वर्षाचं पाणी झाड तेव्हा पिऊन घेतं. उतारावर थेंबही साचत नाही. सगळी निगा यातच आली: वाढीच्या दिवसांत पाणी भरपूर चालतं, तुंबलेलं अजिबात नाही. माझ्या कुंडीत निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचे तुकडे असतात, उरलेल्यात माती आणि कुजलेलं शेणखत. मस्कतच्या उन्हाळ्यात काळी प्लॅस्टिकची कुंडी तापून मुळं शिजतात, म्हणून मातीची कुंडी बरी. एसीचं पाणी मी बादलीत धरते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. थंडीत पानं गळाली की हात आवरायचा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी आषाढात कुंड्या पत्र्याखाली घ्याव्यात.

या झाडाची पहिली शास्त्रीय नोंद पेटर फोर्स्कोलची. डेन्मार्कच्या मोहिमेत तो अरबस्तानात आला आणि 1763 मध्ये येमेनमध्येच वारला. सोबतचा कार्स्टेन नीबुर पुढे मुंबईला पोचला, घारापुरीच्या लेण्यांची रेखाटनं केली आणि मस्कतमार्गे परतला. मित्राची टिपणं त्याने 1775 मध्ये छापली, म्हणून ही नोंद आपल्यापर्यंत आली. मला या नीबुरबद्दल फार कृतज्ञता वाटते.

कुंडी बदलताना दर वेळी झाड थोडं वर उचलून लावा. जाड मुळं उघडी पडतात आणि खरी शोभा तीच. फांदी लावून झाड होतं, पण तसा डौलदार बुंधा सहसा बीपासूनच मिळतो. शेंगा जोडीने येतात. पिकत आल्या की दोरा गुंडाळा, नाहीतर फुटल्यावर दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेलं बी वाऱ्यावर जातं.

आणि धोफारला फिरायला गेलात, तर डोंगरातलं झाड उपटून आणू नका. खडकाच्या भेगेतली मुळं तुटल्याशिवाय निघत नाहीत. रोपवाटिकेतून बीपासून वाढवलेलं रोप घ्या.